चादरीचा मरून लॅपटॉपवर विटकरी दिसतो, कॅलिब्रेशनने सुधारेल का?

कॅलिब्रेशनने, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवण्याने, काही अंशी सुधारेल, पण आधी पॅनल (स्क्रीनचा रंग दाखवणारा भाग) तपासा. स्वस्त लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं (एनटीएससी हे रंगांचा आवाका सांगणारं जुनं टीव्ही-मानक). असा पॅनल एसआरजीबीचे (वेबवरच्या फोटोंसाठीच्या नेहमीच्या रंगसंचाचे) जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतो. सोलापुरी चादरीचा गडद मरून किंवा तापलेला लाल त्यात मावतच नाही, आणि जो रंग पॅनलकडे नाही तो कॅलिब्रेशन आणू शकत नाही. कॅटलॉगचं काम रोजचं असेल, तर १०० टक्के एसआरजीबीचा बाहेरचा आयपीएस मॉनिटर (बाजूने पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारा) घ्या.

पॅनल बरा असेल तर नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारी सोय), ऑटो ब्राइटनेस आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमधली बॅटरी वाचवणारी सेटिंग बंद करा. ही शेवटची बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि फोटोगणिक उजेड बदलत राहते. चार्जर लावून स्क्रीन अर्धा तास चालू ठेवा. सोलापूरचं ऊन खिडकीतून थेट स्क्रीनवर येत असेल तर पडदा ओढा.

विंडोजमधलं 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' डोळ्यांच्या अंदाजावर चालतं. त्याने गॅमा (गडद ते उजळ छटांचा चढ) सुधारेल, रंगाची खात्री नाही. खरं काम कलरिमीटरचं, म्हणजे स्क्रीनवर टेकवून रंग मोजणाऱ्या यंत्राचं. तो भाड्याने मिळाला तरी चालेल. त्याच्यासोबत वापरायचं डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात व्हाइट पॉइंट (पांढऱ्या रंगाची छटा) ६५०० केल्विन (डी६५), गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १२० निट्स (उजेडाचं एकक) ठेवा. मोजताना यंत्र काचेला सपाट टेकलेलं हवं. फटीतून उजेड शिरला की काळा रंग चुकतो.

फोटो एसआरजीबीतच एक्स्पोर्ट करा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर रंग थोडा वेगळा दिसणारच, म्हणून मोठ्या ऑर्डरआधी कापडाचा तुकडा पाठवा.