गच्चीवरचा डीजे आणि दीडपर्यंतचं लायसन्स

प्रश्न : आम्ही पुण्यात बाणेरला राहतो. सोसायटीच्या मागच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर बार आहे आणि शुक्रवार-शनिवार तिथे डीजे नाईट असते. बेसचा दणका असा की बेडरूमची सरकती काच ट्रॅकमध्ये कडकड वाजत राहते. मुलगी बारावीला आहे, सासऱ्यांची बायपास झालीये. मॅनेजर म्हणतो आमच्याकडे दीडपर्यंतचं लायसन्स आहे, जा कुठे जायचं तिथे. पोलीस आले की आवाज कमी होतो, त्यांची गाडी वळली की परत सुरू. आम्ही करायचं तरी काय? – एक वाचक, बाणेर

उत्तर : ताई, मॅनेजर तुम्हाला अर्धंच सांगतोय. पुण्यात बारला रात्री दीडची वेळ आहे हे खरं, पण ती दारू द्यायची वेळ आहे, स्पीकर लावायची नाही. या दोन परवानग्या पूर्ण वेगळ्या, ऑफिसंही वेगळी, आणि लोक नेमके इथेच गप्प बसतात, कारण समोरचा लायसन्स म्हणाला की आपल्याला वाटतं याच्याकडे सगळंच असणार. परमिट रूमचं लायसन्स, ज्याला एफएल-३ म्हणतात, ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली राज्य उत्पादन शुल्क खात्यामार्फत कलेक्टर देतात. गाण्याबजावण्याचा कार्यक्रम हा पोलिसांच्या परवान्याचा विषय आहे. आणि आवाजाला २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम लागतात, त्यात सरळ लिहिलंय की रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, वर्षातले ठरावीक दिवस सोडले तर सूट फक्त बंदिस्त जागेला, म्हणजे हॉल, ऑडिटोरियम वगैरे. उघडी गच्ची कुठल्याच हिशेबाने बंदिस्त जागा होत नाही. वर पत्रे टाकले आणि बाजूने प्लास्टिकचे पडदे सोडले तरी आवाज तुमच्या काचेपर्यंत येतोच आहे ना! रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दवाखाना, शाळा किंवा कोर्टापासून १०० मीटरच्या आत असाल तर ४०.

आता करायचं काय ते सांगते. आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. गाडी आली की नुसतं 'आवाज कमी करायला सांगा' म्हणू नका, डेसिबल मीटर आणा आणि पंचनामा करा असं म्हणा, कारण कागद झाला नाही तर त्या रात्री काही घडलंच नाही असं होतं आणि पुढच्या शनिवारी तुम्ही परत शून्यावर. मोबाईलवरच्या अ‍ॅपचं रीडिंग पुरावा म्हणून फारसं टिकत नाही, तरी खिडकीतून गच्ची आणि स्पीकर दिसतील असा व्हिडिओ वेळेसकट काढून ठेवा. नाव पुढे यायची भीती वाटत असेल तर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलंय की आवाजाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही, हे जरूर सांगा.

माझ्या मते खरी मेख मात्र नकाशात आहे. एफएल-३ सोबत मंजूर नकाशा असतो, दारू कुठल्या जागेत द्यायची ते त्यात आखलेलं असतं. गच्ची त्यात नसेल तर तिथे एक ग्लास जरी दिला तरी लायसन्सच्या अटी मोडल्या. माहिती अधिकारात उत्पादन शुल्काच्या जिल्हा अधीक्षकांकडे नकाशाची आणि अटींची कॉपी मागा, आणि गच्चीच्या बांधकामाला परवानगी आहे का ते महापालिकेला विचारा. हे लायसन्स दरवर्षी १ एप्रिलपासून नवीन होतं, त्यामुळे तुमच्या तक्रारींचे नंबर आणि पंचनामे जोडून सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्ज त्याआधीच कलेक्टर ऑफिसला गेला पाहिजे, रिन्यू झाल्यावर वर्षभर हात चोळत बसावं लागतं.

काही जणी बाटली आडवी करायचं, म्हणजे मतदान घेऊन वॉर्डातली दारूविक्री बंद पाडायचं म्हणतात. तो रस्ता आहे, वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, पण एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, नुसत्या आलेल्यांच्या निम्मी नाही. शहरात तेवढ्या बायका मतदानाला बाहेर काढणं फार अवघड जातं, म्हणून आधी नकाशाच्या मागे लागा.

प्रश्न : नाशिकला माझा छोटा बार आहे. थर्टी फर्स्टला पहाटे ५ पर्यंत चालू ठेवता येतो असं ऐकलं, लाइव्ह बँड पण ठेवायचाय. वेगळी परवानगी लागते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, गृह खातं दरवर्षी २४, २५ आणि ३१ डिसेंबरसाठी ऑर्डर काढतं आणि परमिट रूमला पहाटे ५ पर्यंत वेळ मिळते. पण ती तुमचा हक्क समजू नका, कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन कलेक्टर वेळ कमी करू शकतात, म्हणून त्या वर्षीची ऑर्डर हातात आल्याशिवाय पासेस छापू नका. बँडसाठी पोलिसांचा परवाना वेगळा. बाहेर स्पीकर लावायचा असेल तर वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, त्या यादीत ३१ डिसेंबर आहे का बघा. नसेल तर १० ला बाहेरचं सगळं बंद. आत हॉलमध्ये चालेल, पण दारं लावून, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला झोप लागली पाहिजे इतपत.

आणि एक कळकळीने सांगते. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबमध्ये मध्यरात्रीनंतर आग लागली, १४ जण गेले, त्यातले बरेचसे जीव वाचवायला वॉशरूममध्ये शिरले होते. बाहेर पडायची वाट सापडली नाही त्यांना. त्या रात्री तुमच्याकडे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माणसं असणार, तेव्हा मागच्या दाराशी रचलेले बिअरचे क्रेट आदल्या दिवशीच हलवा, दाराचं कुलूप काढा, आणि वेटरपैकी एकाला रात्रभर फक्त त्या दारापाशी उभं करा.