हिरव्या नोकऱ्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला. सोलरचा वेगळा कोर्स करावा का? (हडपसर)

उत्तर: जरूर करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या गच्चीवर सोलर बसवण्यासाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे कामाला माणसं लागताहेत. आयटीआय झालेल्यांना ‘सूर्यमित्र’ हे सोलरचं सरकारी प्रशिक्षण घेता येतं. पॅनेल बसवणं पटकन जमतं. कस लागतो तो अर्थिंग आणि डीसी वायरिंगमध्ये. ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच, घरातला मेन स्विच पाडला तरी! शिवाय टाकीची सावली एका पॅनेलवर पडली की अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. म्हणून प्रवेशाआधी एकच विचारा, गच्चीवर प्रत्यक्ष काम किती तास? नुसत्या स्लाइड दाखवणार असतील तर फी वाचवा.

प्रश्न: बारावीनंतर मुलीला पर्यावरणात करिअर करायचंय. बीएस्सी की इंजिनिअरिंग? (कोथरूड)

उत्तर: तिला काय आवडतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. नद्या-जंगलांची ओढ असेल तर बीएस्सी. यंत्रांत रमत असेल तर सरळ मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ठरावीक मोठ्या उद्योगांना ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं याची तपासणी, करून घ्यावं लागतं आणि अनुभवी अभियंत्यांना त्याची परीक्षा देता येते. कॉम्प्रेसरच्या हवेची गळती शोधून वीजबिल खाली आणणारी मुलगी चाकणला कोणालाही हवी असेल. नावात ‘ग्रीन’ लावलेल्या महागड्या डिप्लोमांपासून मात्र चार हात लांब राहा.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. पर्यावरण प्रकल्पाच्या फायली मुलं नेटवरून उतरवतात. काय करू? (सिंहगड रस्ता)

उत्तर: सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, आपण त्याच्या फायली केल्या. बाई, फाइल बंदच करा. शाळेचं वीजबिल फळ्यावर मांडा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. आठवडाभर शाळेतला ओला-सुका कचरा मुलांकडून वजन करून घ्या. मग ‘स्वच्छ’ संस्थेच्या एखाद्या कचरावेचक ताईंना वर्गात बोलवा. कुठलं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कुठल्याला कोणी विचारत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं पुस्तक सांगणार नाही. त्यांचा कामाचा वेळ जातो, तेव्हा मानधन द्या.

प्रश्न: माझं दुचाकीचं गॅरेज आहे. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे बंद करावं लागेल? (भोसरी)

उत्तर: नाही. ब्रेक, टायर, शॉकॲब्सॉर्बर तिथेही आहेतच. हाताखालच्या एका पोराला मल्टीमीटर शिकायला पाठवा. प्रशिक्षण न घेता बॅटरी पॅक मात्र उघडू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो.