घाबरवलं खरं, पण पुढे काय करायचं ते सांगितलंच नाही

प्रश्न : ताई, माझी मुलगी १४ वर्षांची आहे. व्हिडिओच्या मधे मधे सोशल मीडियावरच्या सुरक्षिततेची एक जाहिरात लागते, अंधारी खोली, रडणारी मुलगी, भीतीदायक म्युझिक आणि शेवटी "अनोळखी लोकांशी बोलू नका, एक फोटो आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो". माझ्या अंगावर काटा आला. ती मात्र म्हणाली आई हे लहान मुलांसाठी आहे गं, आणि स्किप केलं. अशा जाहिरातींचा खरंच उपयोग होतो का? आणि मी तिच्याशी कसं बोलू?
– एक आई

उत्तर : ताई, मुलीने स्किप केलं म्हणजे ती बेफिकीर आहे असं नका समजू. तिला त्या जाहिरातीत ती स्वतः दिसलीच नाही, आणि यात चूक जाहिरातीची आहे. कारण "अनोळखी" हा शब्दच या वयाच्या मुलांना लागू पडत नाही, फसवणारा माणूस अनोळखी राहतच नाही ना, तो गेममधे भेटतो किंवा मैत्रिणीच्या फॉलोअर लिस्टमधून येतो, डीपी तिच्याच वयाच्या मुलाचा, दोन-तीन आठवडे अभ्यास, भांडणं, घरचे कसे समजून घेत नाहीत यावर गप्पा मारतो आणि मग म्हणतो इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये. तोपर्यंत तो तिच्यासाठी मित्र झालेला असतो. जाहिरातीत दाखवायला हवा तो हा "दुसऱ्या ॲपवर ये" म्हणण्याचा क्षण, आणि आपण दाखवतो चेहरा झाकलेला हॅकर.

भीतीचा उपयोग अजिबात होत नाही असं नाही. किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये यावर एक मॉडेल मांडलं, त्याचा साधा अर्थ असा की भीती दाखवली आणि सोबत "हे कर, हे तुला जमेल, याने फरक पडेल" असं सांगितलं तर माणूस पाऊल उचलतो, पण नुसतीच भीती दाखवली आणि उपाय दिला नाही तर तो धोक्याला सामोरा जात नाही, भीतीच झटकून टाकतो, म्हणजे विषय टाळतो किंवा माझ्या बाबतीत असं होणार नाही म्हणतो. तुमच्या लेकीने तेच केलं.

अजून एक जुना धडा आहे. अमेरिकेत १९९८ पासून किशोरवयीन मुलांसाठी ड्रग्जविरोधी जाहिरातींची प्रचंड मोठी सरकारी मोहीम चालली, २००४ पर्यंतच्या कॅम्पेनचा अभ्यास झाला तेव्हा गांजाच्या बाबतीत मुलांवर चांगला परिणाम झाल्याचं दिसलंच नाही, उलट जाहिराती जास्त बघितलेल्या मुलांना बाकीची मुलं हे करतातच असं वाटायला लागलं असावं अशी शंका संशोधकांनी मांडली. म्हणून "आजकाल सगळीच मुलं फोटो पाठवतात" अशा सुरात जाहिरात केली की मला धडकीच भरते.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या शेवटच्या ओळीचा, "एक फोटो आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो". ताई, ब्लॅकमेल करणारा मुलांना अगदी हेच सांगत असतो की तुझं आयुष्य संपलं, आता कोणी तुला जवळ करणार नाही. ज्या मुलीचा फोटो आधीच गेलाय तिने ही जाहिरात बघितली तर तिला काय वाटेल? की तो खरं बोलतोय. मग ती घरी सांगेल का? नाही सांगणार, आणि त्याचा सगळा खेळ त्या गप्प राहण्यावरच तर चालतो.

बोलायचं कसं याचं मला आवडलेलं उदाहरण न्यूझीलंडच्या सरकारचं आहे. २०२० च्या त्यांच्या एका जाहिरातीत पॉर्न कलाकार दारात येऊन एका आईला सांगतात की तुमचा मुलगा आमचे व्हिडिओ बघतो. ती क्षणभर गडबडते पण ओरडत नाही, स्वतःला सावरून मुलाला म्हणते चल, आपण यावर बोलूया. म्हणजे जाहिरात पालकांना नमुना देते, की धक्का बसला तरी असं वागता येतं.

तुम्हीही लेकीला ती जाहिरात परत दाखवून विचारा, यात काय चुकीचं दाखवलंय? तिला खूप माहीत असतं, ती सांगेल. आणि एक वाक्य आजच बोलून ठेवा, काही घडायच्या आधी, की तुझ्या हातून काहीही झालं असलं तरी मला सांग, मी आधी मदत करेन आणि फोन काढून घेणार नाही. फोन जाईल या भीतीने कितीतरी मुलं बोलत नाहीत. फक्त मग तो शब्द पाळा.

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांचा आहे. माझ्या मित्राने एका मुलीला प्रायव्हेट फोटो पाठवला, आता ते अकाउंट पैसे मागतंय, नाहीतर सगळ्या फॉलोअर्सना पाठवीन म्हणतंय. तो घरी सांगायला तयार नाही. काय करू?

उत्तर : पैसे द्यायचे नाहीत, दिले असतील तर अजून द्यायचे नाहीत, कारण एकदा मिळाले की मागणी वाढतच जाते. ती बहुतेक मुलगी नाहीच, मुलीचं खोटं अकाउंट काढून मुलांना अडकवणाऱ्या टोळ्या असतात. त्याला सांग उत्तर देणं थांबव, चॅट डिलीट करू नको, धमक्यांचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घे, मग अकाउंट रिपोर्ट कर आणि ब्लॉक कर. १८ च्या आतल्या वयातल्या फोटोंसाठी "टेक इट डाऊन" ही मोफत सेवा २०२३ मध्ये सुरू झालीय, त्यात फोटो कुठेच अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तो फोटो त्यांच्याकडे आला तर ओळखून काढता येतो. सगळीकडे चालत नाही हे, एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही न दिसणाऱ्या, चॅटमधे नाही आणि फोटो एडिट केला तर ठसा बदलतो, पण तरी करा.

आणि पोलिसांकडे जायला कोणीतरी मोठं माणूस हवंच, आईबाबा नाही तर मामा, मावशी, शिक्षक, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे ते. तू सोबत जा, पहिलं वाक्य तूच बोल, "याला कोणीतरी फसवलंय आणि धमकी देतंय". अशा वेळी काही मुलं घाबरून स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करतात, म्हणून हे उद्यावर ढकलू नको, आणि आज रात्री त्याला एकटं सोडू नकोस.