उघड्यावर बसून तैलरंगात निसर्गचित्र काढताना ओल्या रंगाला धूळ आणि किडे चिकटतात. काय करावं?

फार मनावर घेऊ नका. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८७० साली फ्रान्समधल्या त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर रंगवलेलं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात वाळूचे कण आजही रुतलेले आहेत. व्हॅन गॉगच्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात तर २०१७ साली चक्क टोळ सापडला!

किडा बसला की आपला हात लगेच तिकडे जातो, तो आवरा. ओल्यात काढायला गेलात की फराटा उठतो. रंग सुकल्यावर सुरीच्या टोकानं हलकेच खरवडा, निघतो. टर्पेंटाइननं पातळ केलेला पहिला हात लवकर सुकतो; जाड रंग शेवटी लावा. तेल मात्र बेतानं, जास्त तेलाचा रंग बराच वेळ चिकट राहतो.

खरी पंचाईत किड्यांची नाहीच, उन्हाची आहे. दोन तासांत सावल्या कुठल्या कुठे जातात. म्हणून बोर्ड लहान घ्या, आठ बाय दहा इंच पुरे, आणि आधी सावल्यांच्या जागा पक्क्या करून टाका.

घरी नेताना दोन सारखे बोर्ड रंगाची बाजू आत करून, कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवून दोरीनं बांधा.