स्कॉटलंडची जुनी मैदाने: जी पाडायलाच हवी होती आणि जी विकली गेली

आपण विचारले आहे की, स्कॉटलंडमधील जुन्या फुटबॉल मैदानांचा विषय निघाला की तिथली वयस्क माणसे एवढी हळवी का होतात, आणि नवी स्टेडियम सुरक्षित, कोरडी व सोयीची असताना चिखलाची, पावसाची आणि धक्काबुक्कीची आठवण काढण्यात अर्थ तो काय. मी मूळचा कोल्हापूरचा. स्थापत्य अभियंता म्हणून गेली सतरा वर्षे ग्लासगोच्या दक्षिण भागात राहतो. पेठापेठांतल्या तालमींचे सामने शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून पाहत वाढल्यामुळे फुटबॉलचे वेड मला नवे नव्हते, तरीही आपल्याला पडलेला प्रश्न इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे मलाही पडत असे. आज मला असे वाटते की, ही हळहळ एक नसून दोन आहेत, त्या बोलताना एकमेकींत मिसळतात, आणि त्यांपैकी एकच मला पूर्णपणे पटते.

आधी ‘टेरेस’ या शब्दाविषयी थोडे सांगतो, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे या शब्दाने वाळवणाची गच्ची उभी राहते. इथल्या मैदानावरचा टेरेस म्हणजे मातीच्या आणि कोळशाच्या राखेच्या भरावावर घातलेल्या उघड्या पायऱ्या. त्यांवर बसायचे नसे, उभे राहायचे असे. आणि वरून येणारा गर्दीचा रेटा मध्येच अडावा म्हणून जागोजागी लोखंडी कठडे रोवलेले असत. मैदानाच्या एका लांब बाजूला छपराखाली आसने असलेला ‘स्टँड’ असे, त्याचे तिकीट महाग असे, आणि उरलेल्या बाजूंवर गोदीत, खाणीत, पोलादाच्या भट्टीवर राबणारी माणसे शनिवारी दुपारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपून उभी राहत. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर 17 एप्रिल 1937 रोजी स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड सामन्याला 1,49,415 प्रेक्षकांची नोंद झाली, आणि 2 जानेवारी 1939 रोजी त्याच शहरातल्या आयब्रॉक्स या रेंजर्सच्या मैदानावर रेंजर्स विरुद्ध सेल्टिक या ग्लासगोच्याच दोन मोठ्या क्लबांच्या साध्या लीग सामन्याला 1,18,567 माणसे आली. आज त्याच हॅम्पडेनमध्ये सुमारे 51 ते 52 हजार आसने आहेत. ‘हॅम्पडेनची गर्जना’ हा इथला रूढ शब्दप्रयोग आहे. एवढ्या मोठ्या उघड्या कढईतून उठणारा आवाज पलीकडच्या वस्त्यांत ऐकू जात असे, हे जुनी माणसे सांगतात तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवतो.

परंतु या आकड्यांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आर्चिबाल्ड लीच हा ग्लासगोत 1865 साली जन्मलेला अभियंता. ब्रिटनमधील जुन्या मैदानांपैकी कितीतरी त्याच्या कागदावरून उभी राहिली. त्याने रेंजर्ससाठी बांधलेल्या आयब्रॉक्सच्या पश्चिमेकडील टेरेसला मातीचा भराव नव्हता. पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. 5 एप्रिल 1902 रोजी स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड सामना चालू असताना त्या फळ्या तुटल्या, माणसे बारा मीटर खाली कोसळली, 25 जणांचा मृत्यू झाला आणि पाचशेहून अधिक जण जखमी झाले. सामना थोड्या वेळाने पुन्हा सुरू करून पूर्ण करण्यात आला, ही गोष्ट मला त्या आकड्यांहूनही अधिक अस्वस्थ करते. त्यानंतर उंच टेरेस लाकडावर न बांधता भक्कम भरावावर बांधण्याची रीत पडली, आणि लीचने स्वतः पुढे कठड्यांच्या व पायऱ्यांच्या रचनेची पेटंटे घेतली. म्हणजे ज्या मातीच्या टेरेसच्या आठवणीने आज लोक हळवे होतात, तो टेरेसच मुळात एका अपघातातून आलेली सुधारणा होती.

ती सुधारणाही पुरेशी ठरली नाही. त्याच आयब्रॉक्सवर ‘जिना क्रमांक 13’ या नावाने ओळखली जाणारी बाहेर पडण्याची एक उंच, सरळ उताराची वाट होती. तिथे 1961 साली दोन माणसे मृत्युमुखी पडली होती, आणि 2 जानेवारी 1971 रोजी रेंजर्स-सेल्टिक सामना 1-1 असा संपत असताना त्याच जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत 66 जणांचा जीव गेला. फाइफ परगण्यातल्या मार्किंच या एका गावचेच पाच मित्र, सगळे कोवळ्या वयाचे, त्यात होते. शेवटच्या क्षणी रेंजर्सने बरोबरी साधल्याचा जल्लोष ऐकून निघालेली माणसे मागे फिरली आणि त्यामुळे दुर्घटना घडली, अशी कथा कित्येक वर्षे सांगितली जात होती. चौकशीत ती टिकली नाही, सगळे एकाच दिशेने खाली उतरत होते. दोष वेड्या प्रेक्षकांवर ढकलणे सोपे असते आणि जिन्याच्या उतारावर ठेवणे कठीण, हे माझ्या व्यवसायातील माणसाने विसरू नये.

या दुर्घटनेतून 1975 चा मैदान-सुरक्षेचा कायदा आला. रेंजर्सचे त्या वेळचे व्यवस्थापक विली वॉडेल यांनी जर्मनीतील डॉर्टमुंडचे स्टेडियम नमुना म्हणून समोर ठेवले आणि 1981 पर्यंत आयब्रॉक्सच्या तीन बाजू नव्याने उभ्या राहिल्या. चौथ्या बाजूचा लीचचा 1929 चा लाल विटांचा स्टँड मात्र राखला गेला व तो आज संरक्षित वास्तू आहे. तिथे मी अनेकांशी बोललो आहे. जुन्या आयब्रॉक्सच्या आठवणी सगळेच काढतात, पण ‘ते तसेच ठेवायला हवे होते’ असे म्हणणारा मला एकही माणूस भेटला नाही. 1989 मध्ये इंग्लंडमधील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीची दुर्घटना घडल्यावर आणि मोठ्या मैदानांवर फक्त आसनेच असावीत अशी शिफारस करणारा टेलर अहवाल पुढच्या वर्षी आल्यावर मोठ्या क्लबांनी आसने बसवली, आणि सेल्टिकने 1990 च्या दशकात आपले मैदान जवळजवळ नव्यानेच बांधले. ॲबरडीन क्लबच्या पिटॉड्री मैदानाने तर 1978 सालीच उभे राहण्याची पद्धत बंद केली होती, आणि त्यानंतर पाच वर्षांनी त्या क्लबने युरोपियन कप विनर्स कप जिंकला. तेव्हा बसून पाहणाऱ्यांचा संघ थंड पडतो हेही काही खरे नव्हे.

ही झाली पहिली हळहळ. ती तारुण्याची हळहळ आहे, आणि तिच्यात मैदानाचा वाटा थोडा आहे.

दुसरी मला कळली ती माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे. ते फॉल्कर्कचे, आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या क्लबचे ब्रॉकव्हिल पार्क हे मैदान 1885 पासून गावाच्या मधोमध होते, इतके मधोमध की बाजारातून निघालेला माणूस घरी जाता जाता आत शिरत असे. त्यांनी मला तिथल्या फिरत्या लोखंडी दाराची गोष्ट सांगितली. लहान मुले बाहेर उभी राहून येणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला ‘मला वरून घ्या ना’ असे विनवीत, तो माणूस पोराला काखेत धरून दारावरून पलीकडे ठेवी, आणि तिकीट घेणारा दुसरीकडे पाही. मध्यंतरात इतर सामन्यांची स्थिती कुंपणावरच्या फळीवर नुसत्या अ, ब, क अशा अक्षरांपुढे लावली जाई. कोणते अक्षर कोणत्या सामन्याचे हे छापील पत्रिकेत असे, म्हणून पत्रिका विकत न घेणारे वीसजण घेणाऱ्या एकाच्या खांद्यावरून डोकावत. खायला गोल ‘पाय’ (pie), म्हणजे पिठाच्या कवचात मटणाचा खिमा भरून भाजलेला पदार्थ, आणि प्यायला बॉव्हरिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचे कढत, खारट पेय. (मी ते अजूनही घेत नाही, हातात धरून ऊब मात्र घेतो.)

आता ब्रॉकव्हिलचे काय झाले ते पाहा. 1998 मध्ये सुरू झालेल्या स्कॉटिश प्रीमियर लीगने वरच्या श्रेणीत येणाऱ्या क्लबाकडे 10,000 आसनांचे स्टेडियम असलेच पाहिजे अशी अट ठेवली होती. फॉल्कर्कने 2003 साली खालची श्रेणी जिंकली, पण मैदान अटीत बसत नाही म्हणून त्यांना वर घेतले गेले नाही, आणि वरच्या श्रेणीत तळाला गेलेला मदरवेल क्लब खाली उतरण्यापासून वाचला. त्याच वर्षी ब्रॉकव्हिल बंद झाले, ती जागा सुपरमार्केटला गेली, आणि क्लब पुढच्या वर्षी गावाबाहेरच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. त्या दुकानापाशी जुन्या फिरत्या दारांपैकी एक आठवण म्हणून ठेवलेले आहे. माझे सहकारी मला ते दाखवायला घेऊन गेले होते. अभियंत्याच्या सवयीने मी विचारले की गोलाचे खांब साधारण कुठे येत असतील. ते बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिले आणि म्हणाले की वर छप्पर आल्यावर त्यांना दिशाच कळत नाही.

एअरड्री गावच्या क्लबची कहाणी याहून कडवट आहे. त्यांच्या ब्रूमफील्ड मैदानाच्या एका कोपऱ्यात टुमदार बंगलीसारखी दिसणारी खेळाडूंची इमारत होती. 1994 साली ती जागाही सुपरमार्केटसाठी गेली, क्लब चार वर्षे दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाड करून राहिला, 1998 मध्ये दहा हजार आसनांचे नवे स्टेडियम उभे राहिले, आणि 2002 मध्ये क्लब कर्जात बुडून मोडीत निघाला. ज्या वरच्या श्रेणीसाठी एवढ्या खुर्च्या मांडल्या, तिथला एकही लीग सामना त्या जुन्या क्लबाला तिथे खेळायला मिळाला नाही. पुढे 2004 मध्ये इन्व्हर्नेसचा क्लब वर चढला तेव्हा या अटीपायी त्याला आपले ‘घरचे’ सामने सुमारे 170 किलोमीटर दूर ॲबरडीनमध्ये खेळावे लागले; मग अट 6,000 आसनांवर आली आणि जानेवारी 2005 मध्ये ते परतले. सहा हजार आसने जर 2005 मध्ये पुरेशी होती, तर 2003 मध्ये का नव्हती, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही. माणसांच्या जिवासाठी पाडलेला टेरेस आणि प्रतिष्ठेच्या आकड्यासाठी व जागेच्या भावासाठी गेलेले मैदान, यांना एकाच ‘आधुनिकीकरणा’च्या खात्यात घालणे मला मान्य नाही.

सगळीच स्थलांतरे वाईट झाली असेही नाही. पर्थच्या सेंट जॉनस्टनने 1989 मध्ये जुने म्युअर्टन पार्क सोडले. स्थानिक शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीवर मॅकडर्मिड पार्क उभे राहिले, जुन्या जागेवर सुपरमार्केट आले, आणि त्या क्लबने पुढे स्कॉटिश कपही जिंकला. तिथले लोक जुन्या मैदानाविषयी प्रेमाने बोलतात, पण त्या बोलण्यात कडवटपणा नसतो.

माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कॅथकिन पार्क आहे, आणि आपल्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला तिथे मिळते. हॅम्पडेन हे नाव तीन मैदानांनी एकामागून एक मिरवले, त्यांपैकी हे दुसरे. क्वीन्स पार्क क्लबने 1903 मध्ये आजच्या हॅम्पडेनमध्ये जाताना ते सोडले आणि थर्ड लॅनार्क तिथे आला. सैनिकी स्वयंसेवकांच्या तुकडीतून 1872 साली निघालेला हा क्लब 1904 मध्ये लीग विजेता ठरला आणि 1960-61 च्या हंगामात त्याने लीगमध्ये शंभर गोल करून तिसरे स्थान मिळवले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, 1967 मध्ये, तो संपला. सरकारी चौकशीत कारभारावर कडक ताशेरे होते. जागेवर घरे मात्र उभी राहिली नाहीत, आणि म्हणून टेरेस उरला. आज ते सार्वजनिक उद्यान आहे. तीन बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या आहेत, त्यांच्या फटींतून वाढलेली झाडे आता मोठाली झाली आहेत, मुळांनी काही पायऱ्या उचलल्या आहेत, आणि तरी कठडे हाताने हलवून पाहिले तर बहुतेक ठिकाणी घट्ट आहेत. मी तिथे कुत्रे फिरवणाऱ्या कितीतरी माणसांना पाहिले आहे. एखादा वयस्क गृहस्थ चालता चालता एका ठरावीक कठड्यापाशी थांबतो, त्यावर कोपर टेकतो आणि रिकाम्या मैदानाकडे पाहतो.

त्या कोपर टेकण्यात मला दुसऱ्या हळहळीचे कारण दिसते. उभ्याच्या मैदानात जागा क्लब देत नसे. ती माणूस स्वतः धरत असे, वर्षानुवर्षे तीच, आणि शेजारी कोण उभे राहणार हेही तोच ठरवत असे. वडील, काका, कारखान्यातला सोबती आणि उशिरा येणारा शेजारी असे सगळे काही न ठरवता त्याच कठड्यापाशी जमत. क्रमांकाच्या खुर्चीवर तिकीट एकेकटे काढले की असा घोळका आपोआप मोडतो. सेल्टिकने 2016 मध्ये सुमारे तीन हजार माणसांसाठी कठडे जोडलेल्या, दुमडत्या आसनांचा, सुरक्षितपणे उभे राहण्याचा भाग सुरू केला. ब्रिटनमध्ये असे पाऊल आधी कोणी उचलले नव्हते. अभियंता म्हणून मला ती रचना उत्तम वाटते: प्रत्येक ओळीला स्वतःचा कठडा असल्यामुळे रेटा खाली सरकतच नाही. म्हणजे उभे राहणे आणि जिवंत घरी जाणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत होत्या.

आपण इकडे येणार असाल तर कॅथकिनला तिकीट नाही. हॅम्पडेनपासून पंधरा मिनिटे चालावे लागते. डंडीमध्ये डेन्स पार्क आणि टॅनडाइस ही दोन प्रतिस्पर्धी क्लबांची मैदाने एकाच रस्त्यावर काही पावलांच्या अंतराने उभी आहेत, आणि डेन्सचा मधोमध कोन करून वळलेला मुख्य स्टँड लीचचाच आहे. वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर मात्र आरब्रोथच्या गेफील्डला जावे. तिथे टेरेस अजून वापरात आहेत आणि कुंपणापलीकडे थेट उत्तर समुद्र आहे. मी गेलो होतो त्या दिवशी मध्यंतरात निम्मे प्रेक्षक आपला संघ ज्या गोलावर चाल करणार त्या टोकाला चालत गेले, मीही त्यांच्याबरोबर गेलो, आणि दुसऱ्या अर्धात वारा समोरून लागला. कानटोपी बरोबर ठेवा.