क्लोरीन रिंगला मंद करतो, मग ऑर्थो-पॅरा का?

प्रश्न (बारावी, लातूर): सर, क्लोरोबेन्झिनचं नायट्रेशन (रिंगवर नायट्रो म्हणजे NO₂ गट बसवणं) बेन्झिनपेक्षा हळू होतं तरी ते ऑर्थो-पॅरा (आधीच्या गटाच्या शेजारची आणि बरोबर समोरची जागा), आणि नायट्रोबेन्झिनचं पण हळूच पण ते मेटा (मधे एक कार्बन सोडून), हे काही डोक्यात बसंना. पाठच करून टाकू का?

उत्तर: पाठ नको करूस बेटा, नीटला प्रश्न जरा फिरवला की पाठांतर गळतं. स्पीड वेगळा अन् जागा वेगळी. क्लोरीन सिग्मा बाँडमधून (रिंगशी जोडणाऱ्या एकेरी बंधातून) इलेक्ट्रॉन ओढतो म्हणून रिंग सुस्त, पण त्याच्याकडं लोन पेअर (बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉनची जोडी) आहे ना, नायट्रोनियम (रिंगवर येणारा NO₂⁺) ऑर्थो नाहीतर पॅराला चिकटला की प्लस रिंगवर फिरतो, त्याच्या एका स्ट्रक्चरमध्ये तो प्लस थेट क्लोरीनवाल्या कार्बनवर येतो आणि तिथं तो लोन पेअर आधार देतो. मेटाला चिकटला तर प्लस त्या कार्बनवर येतच नाही, आधार कुठून मिळणार! म्हणून मेटा जेमतेम १ टक्का.

नायट्रोचं उलट. त्याच्या नायट्रोजनवर आधीच प्लस, ऑर्थो-पॅराला चिकटला की शेजारच्या कार्बनवर येणारा दुसरा प्लस कसा टिकेल? मेटा चांगलं असं नाही, बाकीच्या दोन जागा जास्त वाईट, त्यामुळं ९० टक्क्यांच्या वर मेटाच. तिन्ही जागांची स्ट्रक्चरं वहीत स्वतः काढ, बाण दाखवून.