निर्यात करायची नसली तरी गोव्यातल्या काजू कारखान्याला आयात-निर्यात धोरणाचा फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की डिचोलीत लहान काजू कारखाना घालायचा आहे, माल गोव्यातच विकायचा आहे, निर्यातीचा विचार नाही. मग केंद्राच्या व्यापार धोरणात डोकं कशाला घालायचं? घालावं लागेल. तुम्ही बी ज्या दराने घेणार आणि गर ज्या दराने विकणार, ते दोन्ही दर त्या धोरणामुळे वरखाली होतात.

आपल्याकडचा हंगाम फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि मेमध्ये संपतो. भारतातल्या कारखान्यांना लागते तेवढी बी देशात पिकतच नाही, म्हणून उरलेली आफ्रिकेतून येते. आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी-बिसाऊ यांचा हंगाम जवळपास आपल्याच महिन्यांत असतो. टांझानिया आणि मोझांबिकची बी मात्र ऑक्टोबर ते जानेवारीत निघते. म्हणजे वाळपईचा बागायतदार पोतं घेऊन वजनकाट्यावर उभा असतो, नेमका तेव्हाच पश्चिम आफ्रिकेचा दर फुटलेला असतो. तिकडे पीक भरपूर आलं की इकडचा दर खाली येतो. तुम्ही आफ्रिकेची एक बीही घेतली नाही तरी हे चुकत नाही.

कच्च्या बीवर २०१६ पर्यंत आयात शुल्क नव्हतं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ५ टक्के लागलं, २०१८ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आलं. त्या शुल्कावर आणखी १० टक्के अधिभार, म्हणजे हिशेबाला २.७५ टक्के धरा. हा आकडा लहान दिसतो, पण तो बीवरचा आहे आणि एक किलो गराला साधारण चार किलो बी लागते. समजा बी बंदरात १३० रुपये किलोने पडली. शुल्क किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास, म्हणजे गराच्या किलोमागे १४ रुपये. लहान कारखान्याचा नफा पुष्कळदा एवढ्यातच असतो.

यातून एक वाट आहे, पण ती जपून वापरावी लागते. अल्पविकसित देशांना भारताने २००८ पासून शुल्क सवलत दिली आहे आणि तिच्यात काजूबी येते. टांझानिया, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, बेनिन हे देश त्या गटातले. आयव्हरी कोस्ट, घाना आणि नायजेरिया नाहीत. सवलत घ्यायची तर उगमाचं प्रमाणपत्र मूळ देशातल्या अधिकृत यंत्रणेचं हवं आणि माल थेट तिथून आलेला हवा. घोळ बहुतेक इथेच होतो. बी एका देशात पिकते, सीमा ओलांडून शेजारच्या बंदरातून चढते, बिल दुबईच्या व्यापाऱ्याचं असतं आणि प्रमाणपत्र तिसऱ्याच नावाचं. सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांनुसार माल खरोखर त्या देशातला आहे याची माहिती आयातदाराने स्वतः गोळा करायची आणि पाच वर्षं जपायची आहे. 'एजंटने कागद दिले होते' हे उत्तर चालत नाही. चौकशीत सवलत उडाली तर शुल्काचा फरक व्याजासकट भरावा लागतो, वर दंडही बसू शकतो. शिवाय तिकडच्या सरकारांचंही धोरण असतं. बेनिनने एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवण्यावर बंदीचा निर्णय घेतला, कारण कारखाने त्यांनाही आपल्याकडेच हवे आहेत.

शुल्काइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष उताऱ्याकडे द्या. व्यापारात उतारा ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो असा मोजतात. ४८ पौंड म्हणजे पावणेबावीस किलो, जवळपास २७ टक्के. उतारा एका पौंडाने घसरला की १०० किलो बीमागे अर्ध्या किलोहून थोडा जास्त गर कमी मिळतो. गर ७५० रुपयांनी धरला तर बीच्या किलोमागे सव्वाचार रुपये गेले, म्हणजे वरच्या सगळ्या आयात शुल्काहून जास्त. १६ टनांच्या कंटेनरला हे ६८ हजार रुपये होतात. म्हणून सौद्यात उतारा आकड्याने लिहून घ्या, कमी भरला तर पौंडामागे किती वळते करायचे तेही लिहा. माल उतरताना पोत्यापोत्यांतून नमुना काढून एक किलो बी कापून बघा: चांगला गर, डागी, पोचट, बुरशी लागलेला, प्रत्येक वेगळा तोला. ओलावा १० टक्क्यांच्या वर असेल तर प्रवासात कंटेनरच्या छपराला पाणी सुटून वरची पोती काळी पडलेली असतात. नमुना तळाच्या पोत्यांतून घेऊन दाखवणारे भेटतील, तुम्ही वरच्या थरातूनही घ्या.

आता गराकडे. जून २०१९ मध्ये केंद्राने आयात गराची किमान किंमत वाढवली: तुकड्याला किलोमागे २८८ वरून ६८० रुपये, अख्ख्याला ४०० वरून ७२०. त्याहून स्वस्त माल आणायला मनाई. पुढच्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात शुल्क ४५ वरून ७० टक्क्यांवर गेलं. व्हिएतनामचा यंत्रावर सोललेला गर तुमच्या शेजारच्या दुकानात स्वस्तात दिसत नाही तो या भिंतीमुळे. भिंतीला भगदाडंही आहेत. साधा गर 'भाजलेला काजू' म्हणून दाखवला की तो वेगळ्या शीर्षकाखाली जातो आणि आसियान कराराची (व्हिएतनामसह आग्नेय आशियाई देशांशी असलेल्या व्यापार कराराची) सवलत मागता येते. कारखानदारांची ही जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. कुणी संशय यावा इतका स्वस्त पांढरा गर देऊ केला तर आधी सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात माल सोडवताना भरलेला कागद, मागा.

बागायतदाराला बी महाग विकली जायला हवी, तुम्हाला ती स्वस्त मिळायला हवी. बीवरचं शुल्क त्याला आधार देतं आणि तुम्हाला टोचतं. गरावरचं शुल्क मात्र दोघांच्याही कामाचं. माझं स्पष्ट मत असं की बीवरचं शुल्क काढावं आणि बागायतदाराला थेट हातात पैसे द्यावेत. गोवा सरकारची आधारभूत किंमत योजना त्याच वाटेने जाते: २०२३ मध्ये ती किलोला १५० रुपये केली गेली आणि बाजारभाव खाली असेल तर फरक शेतकऱ्याला मिळतो. तुम्ही खरेदी कराल तेव्हा पक्की पावती द्या, ती नसेल तर त्याचा हा हक्क बुडतो.

जीएसटीतली एक गोष्ट नवे कारखानदार हमखास विसरतात. नोंदणी असलेल्या कारखान्याने शेतकऱ्याकडून बी घेतली की ५ टक्के कर उलट पद्धतीने कारखान्यानेच भरायचा, तोही रोख. साठलेल्या क्रेडिटमधून, म्हणजे आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून, चालत नाही. भरलेल्याचं क्रेडिट मिळतं, पण एप्रिल-मेमध्ये २० लाखांची बी घेतली तर एक लाख रुपये त्यात अडकतात. बँकेकडे खेळतं भांडवल मागताना हा आकडा धरून मागा.

पुढे निर्यातीचा मोह झालाच तर कागद सोपे आहेत, बाजार नाही. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, व्हिएतनामला त्या वेळी २० टक्के होतं. असे दर काही महिन्यांत फिरतात. म्हणून तिकडचं शुल्क कोण भरणार हे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिल्याशिवाय माल चढवू नका.

डब्यावर काय छापता तेही बघा. 'गोवा काजू'ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा आणि बी गोव्यात पिकलेली ठेवा. आफ्रिकेची बी डिचोलीत फोडली म्हणून ती गोव्याची होत नाही. पहिल्या दिवसापासून दोन्ही बियांच्या गोणी, साठ्याची वही आणि बॅच नंबर वेगळे ठेवा. बोर्म्यात, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीत, एकदा गर मिसळला की तो वेगळा काढता येत नाही.